डॉड फ्लेटच्या मयताचा घोट

माझ्या वहिनीबद्दल, एपीबद्दल, आमच्या स्कारनेस गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. काहीजण म्हणतात, तिने तीन बाटल्यांपायी गाव बुडवलं. काहीजण डोळे मिटून म्हणतात, ती संत होती. संत कसली! हट्टी होती, फटकळ होती, आणि ओटच्या भाकऱ्या तिला जन्मात जमल्या नाहीत. तिच्या हातची भाकरी जमिनीवर पडली तर फरशीची काळजी वाटायची.

मी टिबी, तिची नणंद. डॉड फ्लेट माझा थोरला भाऊ. मी काही तिच्या पांढऱ्या फितीवाल्या दारूबंदीच्या बायांमधली नाही, हे आधीच सांगून टाकते. थंडीच्या दिवसांत चहात चमचाभर व्हिस्की पडली तर मी तोंड वाकडं करत नाही. पण मंगळवार ते गुरुवार ती कशातून गेली ते मी जवळून पाहिलंय, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनीच जास्त बडबड केली म्हणून मी बोलतेय.

एपीचा बाप मासेमार होता. आमच्याकडे बोटीचा आठवड्याचा हिशोब शनिवारी दुपारी गॉल्डच्या गुत्त्यात, मागच्या खोलीत व्हायचा. तिथेच वाटे मिळायचे आणि निम्मेअर्धे तिथेच राहायचे. एपी लहान असताना एका शनिवारी आईने तिला बापाला बोलवायला पाठवलं. पोरीबाळींनी गुत्त्यात पाऊल टाकायचं नाही, म्हणून ती दाराबाहेर उभी राहिली. बाप बाहेर आला, तिच्याकडे पाहून हसला, आणि लख्ख उन्हात धक्क्यावरून सरळ खाली गेला. ओहोटी होती. खाली पाणी नव्हतं, दगड होते.

पुढे आम्ही दोघी हेरिंग मासे साफ करायच्या कामाला एकाच टोळीत लागलो. उत्तरेच्या शेटलंडपासून पार दक्षिणेच्या यार्मथपर्यंत मासा जाईल तिकडे आम्ही. बोटांना चिंध्या बांधायच्या, सुरी चालवायची, आणि चिंधीतून मिठाचं पाणी जखमेत शिरलं की शिव्या द्यायच्या. शिव्या मी द्यायचे. एपी स्तोत्रं म्हणायची, तीही इतकी बेसूर की शिव्या बऱ्या. एका हंगामानंतर घरी आलो तर हिने एक चहाचं पिंप हातगाडीवर चढवलं आणि शनिवारी गॉल्डच्या दारासमोर नेऊन उभं केलं. आत जायचं नाही, हलायचंही नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "चहा घेतोस? मग घरी जा."

सगळ्यात मोठ्याने हसला तो माझा भाऊ. तो तिच्याकडून चहा घ्यायचा, कोटातून बाटली काढून त्यात ओतायचा आणि म्हणायचा, "आता जरा चव आली!" तरी तिने त्याच्याशी लग्न केलं. मी म्हटलं, "वहिनी होशील तर आनंदच आहे, पण तुला गावात दुसरा कुणी दिसला नाही?" म्हणाली, "दुसरे पिऊन मारतात. हा पिऊन गातो." गायचा खरा. बोटीवर एक थेंब नाही, आणि धक्क्याला पाय लागला की अखंड.

वीस वर्षांत ती सगळ्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या फितीवाल्या बायांची पुढारी झाली. अॅबरडीनच्या मोठ्या सभागृहात बोलली. डॉड शेवटच्या रांगेत बसून सगळ्यात जास्त टाळ्या वाजवायचा, आणि त्याच्या आजूबाजूच्या बाया नाकाला रुमाल लावायच्या.

मग चार वर्षांची मोठी लढाई संपली आणि नवा कायदा लागू झाला. गावाने मत द्यायचं आणि गावातले गुत्ते बंद. शंभरातल्या पंचावन्न जणांनी हो म्हणायला हवं होतं. मतदान डिसेंबरातल्या एका गुरुवारी ठरलं. एपीने एकही दार सोडलं नाही. ज्या घरात कुत्रं अंगावर सोडलं तिथेही दुसऱ्यांदा गेली. तिचा अंदाज होता की जेमतेम जमेल. गॉल्डचाही तोच अंदाज असावा, कारण तो एकाएकी लोकांना टोपी काढून नमस्कार करायला लागला होता.

आणि नेमका नोव्हेंबरात डॉडने अंथरूण धरलं. लढाईत समुद्रातले सुरुंग काढायच्या बोटीवर चार हिवाळे काढले होते, तेव्हापासून छाती गेलीच होती. एका दुपारी मी त्याच्या उशाशी विणत बसले होते. एपी त्याला पेज भरवत होती.

"एपी," तो म्हणाला, "माझ्या पेटीपुढे तबक फिरव."

एपीचा चमचा थांबला.

आमच्याकडे मयताला रीत आहे. शवपेटी उचलायच्या आधी खांदेकऱ्यांपुढे तबक फिरतं, व्हिस्कीचे पेले आणि बिस्किटं. मेलेल्या माणसाकडून गावाला शेवटचा घोट. तबक फिरलं नाही असं मयत मी तरी पाहिलेलं नाही.

"डॉड, मतदान आहे," ती म्हणाली.

"मला माहीत नाही का? थांबायचा प्रयत्न करतोय, पण मेली छाती ऐकत नाही." तो खोकला, मग हसला. "अगं, या गावातल्या प्रत्येकाच्या बापाला मी खांदा दिलाय. प्रत्येकाच्या घरचा घोट घेतलाय. आणि माझ्या घरून माणसं कोरड्या तोंडाने जाणार? म्हणतील, डॉड फ्लेट जन्मभर दुसऱ्याचं प्यायला आणि आपली वेळ आली तेव्हा बायकोच्या पदराआड लपला. माझी लाज राख."

तिने पांघरूण नीट केलं, वाटी खाली ठेवली, परत उचलली.

"शब्द दे."

"दिला," एपी म्हणाली.

शुक्रवारी तो गेला. मयत मंगळवारी ठरलं. मतदान गुरुवारी.

शनिवारी पाद्र्याची बहीण मिस टॉल्मी आली. ती फितीवाल्यांची चिटणीस. बाई वाईट नव्हती, पण तिने आयुष्यात एकही मासा कापला नव्हता आणि ते तिच्या बोलण्यातही जाणवायचं. एपीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "मिसेस फ्लेट, देवाची योजना कशी असते पाहा. स्कारनेसमधलं पहिलं कोरडं मयत तुमच्या घरून निघणार! मी वर्तमानपत्राला कळवलंसुद्धा. त्यांचा माणूस येतोय. हे एक मयत शंभर भाषणांचं काम करेल."

एपीने नुसती मान हलवली, म्हणजे ऐकलं अशी. टॉल्मीला ती होकाराची वाटली.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. "वहिनी, ऐक. तो माझा भाऊ होता, म्हणून मलाच बोलू दे. तो बोलला तेव्हा खोलीत मी होते, दुसरं कुणी नाही. मी कुणाला सांगणार नाही. अँड्रालाही नाही." अँड्रा म्हणजे माझा नवरा, डॉडच्या बोटीचा कप्तान. "तुझी वीस वर्षं आहेत यात. डॉडला आता काय कळतंय?"

"तू एकटी नव्हतीस खोलीत," ती म्हणाली. "डॉड होता." आणि शवपेटीखाली ठेवायच्या खुर्च्या पुसायला लागली.

सोमवारी दुपारी गॉल्डची गाडी दाराशी आली. वर व्हिस्कीची आख्खी पेटी, काळ्या फितीने बांधलेली. गाडीवाल्याने मुद्दाम मोठ्याने, शेजारच्या खिडक्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मिस्टर गॉल्डकडून, डॉडसाठी. काही द्यायचं नाही!" समोरच्या दोन खिडक्यांचे पडदे हलले. माणूस मेला तरी गॉल्डचं जाळं टाकणं चालूच.

एपी उंबऱ्यावर आली. "परत ने."

"पण मालक म्हणाले—"

"मालकाला म्हणावं, माझा नवरा जन्मभर तुझ्याकडे पैसे मोजून प्यायला. मेल्यावर फुकट पिणार नाही."

तासाभरात गावभर झालं की एपी फ्लेटने पेटी परत धाडली. फितीवाल्या बायांना वाटलं, जिंकलो. टॉल्मीने मला रस्त्यात थांबवून चक्क मिठी मारली. मी काय बोलणार? मला रात्री जेवण गेलं नाही.

मंगळवारी सकाळी एपीने काळा पोशाख घातला, त्यावर फीत टाचली, आणि म्हणाली, "टिबी, चल." कुठे ते मी विचारलं नाही. आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने निघालो. बाया दारात उभ्या राहून विधवेला मान देत होत्या. गॉल्डच्या गुत्त्यापाशी आल्यावर तिने फीत काढली आणि माझ्या हातात दिली.

"ही आत न्यायची नाही."

"वहिनी, मी जाते ना. मला बघून कुणाला नवल वाटणार नाही!"

"म्हणूनच तू जायचं नाही."

एवढ्यात पलीकडून टॉल्मी धावत आली, टोपी एका कानावर. "मिसेस फ्लेट! हे काय करताय?"

"नवऱ्याला दिलेला शब्द पाळतेय."

टॉल्मी हळू आवाजात समजावायला लागली, आजारी मुलाला समजावतात तशी. "अहो, मरणाऱ्या माणसाचं बोलणं असं धरायचं नसतं. तो शुद्धीवर तरी होता का?"

"होता," एपी म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच सलग तीन आठवडे शुद्धीवर होता."

"परवा मतदान आहे! त्या सगळ्या बाया, त्यांची पोरं... एका घोटासाठी त्यांना वाऱ्यावर सोडणार?"

एपीने आम्ही आलो त्या रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता वळेल. खरं सांगते, वळावं असं मला वाटत होतं. पण ती जिथे बापाची वाट बघत उभी राहिली होती त्याच दारातून आत गेली.

मी दार धरून उभी होते, म्हणून सगळं दिसलं. आत पाच-सहा माणसं होती. तिला बघून सगळ्यांनी टोप्या काढल्या. एकाने पेला पाठीमागे लपवला. गॉल्ड हात पुसत पुढे आला, तोंडावर हसू मावत नव्हतं.

"या, या मिसेस फ्लेट! पेटी तयारच आहे."

"तीन बाटल्या. किंमत सांगा."

"छे छे, तुमच्याकडून कसे—"

"किंमत, मिस्टर गॉल्ड."

त्याने सांगितली. तिने नाणी एकेक करून गल्ल्यापुढच्या फळीवर ठेवली आणि बाटल्या छातीशी धरून बाहेर आली. मी माझी शाल पुढे केली. "झाक तरी, वहिनी!"

"कशाला? चोरल्यात का?"

जाताना ज्या बाया दारात उभ्या होत्या त्यांनी दारं लावून घेतली. जीनी काउवीने तेवढं लावलं नाही, तिथेच उभी राहून रडत होती. तिचा नवरा पिऊन तिला काय करायचा ते गावाला माहीत होतं, आणि गुरुवारच्या मतदानावर तिची सगळी आशा होती. एपी तिच्यापुढून जाताना एक क्षण थांबली, मग पुढे निघाली. त्या बाटल्या तिथे सगळ्यात जड झाल्या असतील.

घरी आल्यावर तिने फीत परत मागितली आणि टाचली. पाद्र्याने प्रार्थना म्हटली, डोळे जमिनीला लावून. वर्तमानपत्राचा माणूस कोपऱ्यात उभा होता. एपी तबक घेऊन आत आली. तबकातले पेले किणकिणत होते. पहिला पेला खांदेकऱ्यांच्या पुढाऱ्याचा, म्हणजे अँड्राचा. माझ्या नवऱ्याने पेल्याकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं, आणि त्याचा हात काही पुढे होईना. वादळात न डगमगणारा माणूस! त्याच्यामागचे सगळे त्याच्याकडे बघत होते.

"वहिनी, नको," तो पुटपुटला. "डॉडला आम्ही असाही नेऊ. कुणी काही म्हणणार नाही."

"घे, अँड्रा," ती म्हणाली. "डॉडकडून आहे. माझ्याकडून असता तर चहा असता."

कुणीतरी हसलं आणि तिथेच हुंदका दिला. अँड्राने पेला उचलला. मग सगळ्यांनी. तीन फेऱ्यांची रीत आहे, तिने तीन फेऱ्या केल्या, आणि माणसं डॉडला घेऊन टेकडीवर गेली. बायकांनी कबरस्तानात जायचं नसतं. आम्ही दोघींनी पेले धुतले.

बुधवारी सकाळी गॉल्डची पत्रकं भिंतीभिंतीवर लागली: मिसेस फ्लेट स्वतःच्या घरी पाजतात, मग तुमच्यावर बंदी का? त्यात खोटं असं काहीच नव्हतं, तेच तर वाईट होतं. गुरुवारी एपी शाळेच्या फाटकाशी पावसात दिवसभर उभी राहिली. फितीवाल्या बाया दुसऱ्या बाजूला गोळा झाल्या होत्या. मत द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणत होती, "बंद करायला मत दे रे." काहीजण मान खाली घालून जायचे. एकजण म्हणाला, "आधी घरचे पेले फोड, एपी!" तिने त्यालाही परत तेच सांगितलं.

अकरा मतं कमी पडली. अकरा! एवढी तर आमच्या गल्लीत भांडणं असतात.

त्या संध्याकाळी गॉल्डने सगळ्यांना एकेक पेला फुकट भरला आणि फळीवर चढून ओरडला, "एपी फ्लेटच्या नावाने!" अँड्रा तिथे होता. खोटं कशाला बोलू, प्यायलाच गेला होता. त्याने पेला भरलेलाच खाली ठेवला. "तो घोट तिने डॉडच्या नावाने दिला," तो म्हणाला. "तू तो विकायला काढलास." आणि बाहेर पडला. त्याच्यामागून बोटीवरची माणसं एकेक करून उठली. घरी येऊन त्याने मला हे सांगितलं.

शनिवारी टॉल्मी आणि आणखी दोघी एपीकडे आल्या. बसल्या नाहीत. एपीला फितीवाल्यांतून काढायचं, असा त्यांच्या समितीचा निर्णय झाला होता. एपीने फीत काढून दिली. आताचं चहाचं पिंप आणि हातगाडी समितीच्या वर्गणीतून घेतलेली, तीही द्यायला निघाली.

टॉल्मीच्या डोळ्यांत पाणी होतं, हे कबूल करायला हवं. "का केलंत हो असं?" ती म्हणाली. "एवढं सगळं हातात आलं होतं."

"वीस वर्षं मी घरोघरी सांगत आले," एपी म्हणाली, "की दारुड्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आणि हा दारुडा माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेला, मिस टॉल्मी. त्याला फसवून मी कुठल्या तोंडाने दारोदार गेले असते?" मग म्हणाली, "जीनी काउवीला मात्र काय सांगायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा."

त्या गेल्या. पिंपही गेलं. शनिवारची दुपार, आणि एपीला काम नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. ती स्वयंपाकघरात नुसती उभी होती. तेवढ्यात दार वाजलं. अँड्रा, आणि मागे बोटीवरची सगळी माणसं, ओले बूट दाराशी घासत.

"वहिनी, हिशोबाला टेबल पाहिजे होतं."

"गॉल्डकडे आहे की."

"त्याचं डगमगतं," अँड्रा म्हणाला.

ती बाजूला झाली. ते दाटीवाटीने बसले, हात कुठे ठेवावे ते कुणाला समजेना. एपीने किटली उतरवली आणि अँड्राच्या कपात ओतायला लागली. कप भरला, बशी भरली, टेबलावर चहा वाहायला लागला, तरी ती ओततच होती. तिला दिसतच नव्हतं. मी तिच्या हातातून किटली काढून घेतली आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मयताला नव्हती रडली. माझ्या भावाला मी तेव्हा मनात काय काय बोलले! अरे दादा, बघ तरी, काय किमतीचा घोट मागितलास.

हिशोबाला बोट एकच आली, बाकीच्या गॉल्डकडेच गेल्या. पुढच्या आठवड्यात आमच्यातलेही दोघे तिकडे फुटले. नवं मतदान तीन वर्षांनी होतं. त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच सकाळी एपी शाल घेऊन बाहेर पडली, फितीशिवाय. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "जीनीकडे. आणि मग तिच्या शेजारी."

जीनीने दार उघडलं नाही. एपीने पुन्हा वाजवलं.